मातीच्या रंगाचा पाइप

लातूर शहर मागे पडलं की बार्शी रस्त्याच्या आतल्या अंगाला बारा फ्लॅटची एक इमारत उभी राहताना दिसते. प्लास्टर झालंय, खिडक्यांच्या चौकटी बसल्यात आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काम जमिनीखाली उतरलंय. मागच्या चेंबरपासून सेप्टिक टँकपर्यंत ३० मीटरचा चर खणायचा, त्यात ड्रेनेजची लाइन टाकायची आणि मृगाच्या आत चर बुजवायचा. चराच्या एका काठावर मिस्त्री उभे आहेत, साठीकडे झुकलेले, डोक्याला पंचा. दुसऱ्या काठावर साइट इंजिनिअर, वय अठ्ठावीस, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात नकाशा. भिंतीच्या कडेला विटकरी रंगाच्या, सहा-सहा मीटर लांबीच्या पाइपांचा ढीग.

"मातीचा रंग दिला म्हणून ती माती होती का, मॅडम?" मिस्त्रींनी पाइपावर बोटाची गाठ वाजवली. "ह्यो बगा, डब्यावानी वाजतोय. चिनी मातीचा पाइप घंटेवानी खणकतो. चीर असली की बद्द वाजतो, टाकायच्या आधी आवाजावरनंच कळतं. ह्याचं काय कळणार?"

"ह्याचं वाजवून नाही, वाचून कळतं, काका." तिने पाइप फिरवून छापील ओळ दाखवली. आयएस १५३२८, आणि त्यापुढे एसएन ४. पहिला आकडा जमिनीखालच्या ड्रेनेजसाठीच्या पीव्हीसी पाइपाचा भारतीय मानक क्रमांक. दुसरा पाइपाच्या ताठपणाचा, म्हणजे दर चौरस मीटरला ४ किलोन्यूटन. एसएन २, ४ आणि ८ अशा तीन पायऱ्या असतात. जिथून गाड्या जातात तिथे ८.

मिस्त्रींना वाचन मान्य नव्हतं, कारण त्यांच्याजवळ पाहिलेलं होतं. एका बंगल्याच्या मागे त्यांना तुंबलेली लाइन उकरायला बोलावलं होतं. पाइप प्लास्टिकचाच, दोन पावसाळे झालेला. "वरनं जेसीबीनं सरळ ढेकळं लोटल्याली. उकरून बगतो तर पाइप बसल्याला, चपटा, शेंगावानी. त्यातनं काय जाणार?"

"कोणत्या रंगाचा होता?"

"करडा."

इथे तिचा मुद्दा निम्मा सिद्ध झाला. करडा पाइप इमारतीच्या भिंतीवरून उतरतो. त्याचा मानक क्रमांक वेगळा, आयएस १३५९२, आणि तो घडवलाय इमारतीतलं सांडपाणी-मैला वाहून आणायला, दीड मीटर मातीचं ओझं पेलायला नव्हे. दुकानात दोन्ही शेजारी उभे असतात, व्यासही सारखा भासतो, आणि भिंतीवरचे चार तुकडे उरले की ते जमिनीत ढकलायचा मोह कंत्राटदाराला आवरत नाही. पण मुद्दा निम्माच सिद्ध झाला, कारण ढेकळं लोटणारा जेसीबी विटकरी पाइपालाही सोडत नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं. फक्त आधी कोण बोलणार, एवढाच प्रश्न होता.

मिस्त्रींची निष्ठा ज्या पाइपावर आहे, तो साधासुधा नाही. भट्टीचं तापमान बाराशे अंशांच्या आसपास गेलं की आत मिठाचा मारा करतात. मिठातला सोडियम मातीतल्या सिलिकाशी एकजीव होतो आणि पाइपाच्या अंगावर काचेसारखा थर चढतो. आम्लाने तो झिजत नाही, उंदराला तो कुरतडता येत नाही. राणीगंजच्या भट्ट्यांतून निघालेले असे पाइप देशभर गेले. तरी इंजिनिअर बाईंनी एक खवचट आठवण काढलीच. हा पाइपही एकेकाळी नवा होता. लंडनमध्ये हेन्री डोल्टनने १८४६ साली लॅम्बेथला असे पाइप बनवायचा कारखाना काढला, तेव्हा विटांची प्रशस्त गटारं बांधणाऱ्या अभियंत्यांनी नाकं मुरडली होती. एवढ्याशा नळीतून शहराची घाण कशी जाणार, ती तुंबणारच, असा त्यांचा आक्षेप. एडविन चॅडविक नळीच्या बाजूने भांडत होता आणि भांडण चांगलं काही वर्षं चाललं.

"म्हंजी मी आता विटवाला झालो म्हना," मिस्त्री म्हणाले, आणि हसले.

वादाची खरी गाठ पाइपात नव्हती, पाइपाभोवतीच्या मातीत होती. चिनी मातीचा पाइप ताठ. वरून ओझं आलं की तो ते स्वतःच्या अंगावर घेतो, आणि पेलवलं नाही की तडकतो. अशा पाइपांवर मातीचं ओझं किती येतं याचा हिशोब अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ॲन्सन मार्स्टनने १९१३ साली मांडला, कारण तिथल्या शेतांतले निचऱ्याचे मातीचे नळ भरावाखाली फुटत होते. त्याच परंपरेतल्या मर्लिन स्पँग्लरने १९४१ मध्ये लवचिक पाइपांचं गणित दिलं, आणि ते अगदी निराळं निघालं. लवचिक पाइप ओझं आलं की थोडा दबतो, अंडाकृती होतो. दबताना त्याच्या दोन्ही कुशी बाहेर फुगतात आणि बाजूच्या मातीवर रेटा देतात. ती माती घट्ट असेल तर उलट रेटा देते आणि पाइप तिथेच थांबतो. माती भुसभुशीत असेल तर तो दबतच जातो. दबण्याची मर्यादा साधारण व्यासाच्या ५ टक्के धरतात. इथल्या १६० मिलिमीटरच्या, म्हणजे सहा इंची पाइपाला ती ८ मिलिमीटर होते.

तिने हे सांगितलं तेव्हा मिस्त्री गप्प राहिले, पण गप्प बसणं म्हणजे पटणं नव्हे.

"म्हंजी हा पाइप दुकानात निम्मा मिळतो," ते सावकाश म्हणाले. "उरल्याला निम्मा आपुन चरात बनवायचा."

"तसंच."

"मग आंब्याच्या पेटीवानी झालं की. पेटीत तळाला पेंढा घालतेत, पन बाजूनं न्हाई घातला तर आंबा चेपतोच."

पाठ्यपुस्तकाची चार पानं जे सांगतात ते या एका पेटीत बसलं. आणि पेटीची आठवण काढून मिस्त्रींनी वाद आपल्या अंगणात ओढून नेला. कारण लातूरची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाइपाच्या कुशीत ही माती भरली तर पावसाळ्यात ती रेटा देणार आणि मे महिन्यात सोडून देणार. तेव्हा ती बाजूला काढायची. पाइपाखाली दहा-पंधरा सेंटिमीटर बारीक खडीचा कच, मग दोन्ही कुशींत कच, हाताने, थराथराने, लाकडी धुमसाने ठोकत. पाइपाच्या पाठीवर ३० सेंटिमीटरपर्यंत दगड नसलेला चाळलेला भराव, तोही हातानेच. जेसीबीने त्यानंतर तोंड उघडायचं.

"येवढा कच आनायचा, काळी माती उचलून बाहेर टाकायची, मग स्वस्त काय राहिलं?" मिस्त्रींचा प्रश्न रास्त होता. प्लास्टिकची लाइन स्वस्त पडते असं म्हणणारे बहुतेक बिल्डर फक्त पाइपाचा भाव बघतात, कचाच्या ट्रॉल्या मोजत नाहीत. मग कच वाचवला जातो, आणि दोन पावसाळ्यांनी मिस्त्रींसारखा माणूस उकरायला बोलावला जातो.

"तुमच्या चिनी पाइपाखाली काँक्रीटचं पीसीसी करावं लागतंच की," ती म्हणाली. "ते फुकट येतं का?"

"पीसीसी दिसतं, मॅडम. मालक येऊन बगतो. कुशीतला कच कोन बगतो?"

याला तिच्याजवळ उत्तर नव्हतं. लेखकाजवळही नाही.

जोडांच्या बाबतीत मात्र तिने आघाडी घेतली. चिनी मातीच्या पाइपाचा तुकडा ६० सेंटिमीटरचा. ३० मीटरला ५० तुकडे, म्हणजे ४९ जोड. प्रत्येक जोडात सिमेंटच्या रबडीत भिजवलेली सुतळी ठासायची, मग दाट माल भरून बाहेरून पंचेचाळीस अंशांत घासायचा, आणि आत ओघळलेला माल घट्ट होण्याआधी पाइपातून फडकं ओढून पुसून घ्यायचा. फडकं ओढायला विसरलं की आत सिमेंटचा दात राहतो आणि त्या दाताला कागद, केस, चिंध्या अडकायला लागतात. विटकरी पाइप सहा मीटरचे. पाच तुकडे, चार जोड, आणि जोडात माल नाही. सॉकेटच्या खाचेत रबरी रिंग, तिच्यात दुसऱ्याचं टोक सरकवायचं. जमीन हलली तर रिंग थोडी हलते, जोड मात्र सुटत नाही. काळ्या मातीत सिमेंटच्या जोडाला ही मुभा नाही. त्याला केसाएवढी चीर पडते, आणि ओलाव्याचा वास लागलेलं मूळ तेवढ्यातून आत शिरतं.

"पिंपळाचं," मिस्त्री आपणहून म्हणाले. "एकदा एका चेंबरातनं म्या पिंपळाचं मूळ वढून काढलं. म्हशीच्या शेपटीवानी. आत येताना सुतावानी आल्यालं आसंल." थोडं थांबून त्यांनी जोडलं, "जोड माजाच होता. पंधरा वर्सांपूर्वीचा."

असं कबूल करणारा माणूस वादात हरत नसतो.

ढाळ हा मात्र मिस्त्रींचा प्रांत, आणि तिथे चर्चा दुपारपर्यंत रेंगाळली. नकाशात उतार होता ८० मीटरला एक मीटर. मिस्त्रींचं पाठांतर वेगळं होतं. चार इंचीला चाळिसात एक, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक. हे सूत्र त्यांनी ज्या म्हाताऱ्या गवंड्याकडून उचललं, त्याला इंग्रजी येत नव्हतं. पण इंग्लंडमधल्या जुन्या प्लंबिंगच्या पुस्तकांत हाच ठोकताळा मॅग्वायरचा नियम म्हणून सापडतो. ३० मीटरला साठात एक म्हणजे ५० सेंटिमीटर उतार. ऐंशीत एक म्हणजे साडेसदतीस.

"पाइप गुळगुळीत आहे, काका. कमी ढाळाला पाणी तेवढ्याच वेगाने जातं."

"पयल्या वर्षी. मंग आतनं चिकट थर बसतो, मग चिनी काय न् प्लास्टिक काय. म्या फोडून बगितल्यात." हे खरंच आहे. काही महिन्यांत दोन्हींच्या आत सारखाच बुळबुळीत थर धरतो, आणि कागदावरचा गुळगुळीतपणाचा फायदा बराचसा त्या थराखाली जातो.

"आनि दुसरं," मिस्त्री पुढे म्हणाले, "तुमच्या कागदावर पानी किती धरलंय?"

तिने सांगितलं, माणशी दिवसाला १३५ लिटर. ड्रेनेज असलेल्या शहरांसाठी सरकारी मार्गदर्शिका तेवढं धरायला सांगते. मैला मागे न राहता वाहून जावा म्हणून सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग हवा, आणि पाइप निम्मा भरून वाहिला तर ऐंशीत एकच्या उतारावर तो सहज मिळतो.

"निम्मा भरून? लातुरात?"

काठावरचे मजूरही हसले. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच शहराला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावं लागलं होतं. त्या गाडीला जलदूत नाव पडलं आणि पहिल्या फेरीत ५ लाख लिटर पाणी आलं. वर्ष चांगलं असलं तरी उन्हाळ्यात नळाची आठवडाभर वाट बघणं इथल्या घरांना नवीन नाही. अशा घरात भांड्याचं पाणी फरशीला जातं, फरशीचं संडासात. पाइपातून जो येतो तो लोंढा नसतो, बादलीभर पाण्याची एक लाट असते, आणि ती तळाशी बोटभर उंचीने वाहते. एवढ्या उथळ पाण्याचा वेग निम्म्या भरलेल्या पाइपाच्या निम्म्यावरही येऊ शकतो. हिशोबातला पाइप आणि लातूरचा पाइप इथे वेगळे होतात.

मिस्त्रींनी मग एक पाऊल जास्त टाकलं. आठ इंची घाला म्हणाले, मोठा पाइप तुंबत नाही. यावर मात्र तिने पायाशी पडलेली परात उचलली, तांब्यातलं पाणी तिच्यात ओतलं. "किती खोल झालं?" नख बुडेल एवढं. तेच पाणी तांब्यात होतं तेव्हा वीतभर होतं. पाणी थोडं असेल तर मोठ्या पाइपात ते पसरतं, पातळ होतं, आणि मैल्याला उचलून न्यायची ताकद हरवून बसतं. मिस्त्रींनी परातीकडे पाहिलं, मग तांब्याकडे, आणि आठ इंचीचा विषय पुन्हा काढला नाही.

शेवटी ढाळ ठरला सत्तरात एक. सेप्टिक टँकच्या तोंडाची पातळी आधीच बांधून झाली होती, खाली जाणं शक्य नव्हतं. वरचं चेंबर साडेपाच सेंटिमीटर उचलता आलं, त्याहून जास्त नाही. हा आकडा तिच्या नकाशात नव्हता आणि मिस्त्रींच्या पाठांतरातही नव्हता.

काम खालच्या टोकाकडून सुरू झालं, सॉकेट चढाच्या बाजूला. प्रत्येक सॉकेटखाली कचात ओंजळभर खळगा, नाहीतर पाइप सॉकेटवर टेकतो आणि पोट अधांतरी राहतं. हे मिस्त्रींना सांगावं लागलं नाही, चिनी मातीच्या पाइपालाही हेच करतात. रिंगला लावायला एका पोऱ्याने ग्रीसचा डबा आणला, तो तिने परत पाठवला. खनिज तेलाने रबर फुगतं, सडतं. साबणाचं दाट पाणी पुरतं. टोक पूर्ण आत गेल्यावर तिने खूण करून ते सेंटिमीटरभर परत ओढायला लावलं.

"आत घालायचं न् परत वढायचं? हे काय नवीन?"

बाहेर ४२ अंश होते, उन्हात पडलेला पाइप त्याहून बराच तापलेला. जमिनीखाली गेल्यावर तो तीसेक अंशांनी निवला तर सहा मीटरचा पाइप साधारण सव्वा सेंटिमीटर आखडतो. पुन्हा तेवढाच तापला तर तेवढाच लांबतो. जागा ठेवली नाही तर तो बाक काढतो. "लोखंडाच्या रुळावानी," मिस्त्री म्हणाले, आणि पुढच्या जोडाला स्वतःच खूण केली.

चराची खोली शेवटच्या टोकाला पावणेदोन मीटर होती. तिथे दोन्ही बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू लावायचा आग्रह तिचा, आणि सुकी काळी माती भिंतीसारखी उभी राहते, हे म्हणणं मिस्त्रींचं. उभी राहते हे खरं. आणि ती कोसळण्याआधी सांगत नाही हेही खरं. फळ्या लागल्या. काठावरचा मातीचा ढीग मागे ओढला गेला, त्यावर कुरकुर फक्त जेसीबीवाल्याने केली.

रात्री वळवाचा पाऊस आला. सकाळी मिस्त्री इतरांच्या आधी साइटवर होते. त्यांना एक जुनी सकाळ आठवत होती. दुसऱ्या एका कामावर रात्री असाच चर भरला आणि सकाळी अख्खी लाइन होड्यांच्या रांगेसारखी वर आली होती. हिशोब सोपा आहे. १६० मिलिमीटरचा सहा मीटरचा रिकामा पाइप साधारण १२० लिटर पाणी बाजूला सारतो, त्याचं स्वतःचं वजन १५-१६ किलो. म्हणजे शंभर किलोहून जास्त जोराने तो वर यायला बघतो. चिनी मातीचा पाइप जड, तो हलत नाही. यावेळी लाइन जागेवर होती, कारण कुशी भरून झाल्यावर संध्याकाळी प्रत्येक पाइपाच्या मध्यावर मातीच्या दोन-दोन गोण्या ठेवल्या होत्या. ठेवल्या मिस्त्रींनीच. प्लास्टिकवर विश्वास नसण्याचा हा एक उपयोग.

दुपारी आरशाची पाळी आली. ही तपासणी दोघांनाही सारखीच येत होती. लाइनीच्या मध्यावर एक चेंबर ठेवलं होतं, तिथून दोन्हीकडे पंधरा-पंधरा मीटर. एका चेंबरात बॅटरी धरायची, दुसऱ्यात आरसा. लाइन सरळ असेल तर आरशात उजेडाचं पूर्ण गोल बिंब दिसतं. वरच्या भागात चंद्र पौर्णिमेचा होता. खालच्या भागात मिस्त्री आरसा धरून वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले आणि मग बाजूला सरून त्यांनी आरसा तिच्या हातात दिला.

बिंबाची एक कड कापली गेली होती.

"खालनं कापल्यालं असतं तर पोटाला खळगा म्हनलो असतो," ते म्हणाले. "हे बाजूनं हाय. ढाळ ठीक हाय. पाइप वाकडा हाय."

ती चराच्या काठाने चालत गेली, चौथ्या पाइपापाशी थांबली, मग मागे वळून भिंतीच्या कडेच्या ढिगाकडे बघितलं. ढिगावर ताडपत्री नव्हती. पश्चिमेकडचं ऊन रोज चार तास एकाच अंगावर पडत होतं आणि वरच्या थरातल्या पाइपांना केळ्यासारखा बाक आला होता. ती जागा तिनेच दाखवली होती, गाडी रिकामी करायच्या घाईत.

"माझी चूक," ती म्हणाली.

मिस्त्री काहीच बोलले नाहीत. पश्चिमेला पुन्हा ढग दाटत होते. जेसीबीवाल्याने लांबून हॉर्न वाजवून विचारलं, चर बुजवायचा का. तिने हात हलवून नाही म्हटलं. मिस्त्रींनी पंचा सोडून काठावर ठेवला, फावडं घेतलं आणि चौथ्या पाइपाच्या कुशीतला कच हाताने मोकळा करायला चरात उतरले. ती ढिगाच्या तळातला, सावलीत राहिलेला एक सरळ पाइप शोधत होती.